पाटीत काय आहे?

माझी नात तिच्या मैत्रिणींना सांगते, "आमची आजी सिक्युरिटी ऑफिसर होती." पोरी आधी माझ्याकडे आदरानं बघतात. मग माझ्या गुडघ्यांकडे बघतात आणि आदर ओसरतो. खरं सांगायचं तर माझ्या नेमणुकीच्या कागदावर 'स्त्री पहारेकरी' असं लिहिलेलं होतं, आणि जव्हारच्या बाजाराला येणाऱ्या बायका मला 'झडतीबाय' म्हणायच्या. माझ्या पाठीमागं काय म्हणायच्या ते मला बऱ्याच वर्षांनी कळलं. ते दिवाळी अंकात छापण्याजोगं नाही.

संस्थान विलीन झालं तेव्हा आमचे हे राजवाड्याच्या फाटकावर पहाऱ्याला होते. विलीनीकरण म्हणजे काय, ते मला एवढंच कळलं की यांचा पटका आणि भाला जमा झाला. नव्या सरकारच्या माणसांनी यांची छाती फुगवून मोजली, दम्याची शिट्टी ऐकली आणि यांना घरी पाठवलं. घरात खाणारी पाच तोंडं होती. त्यांतलं एक माझं, आणि ते खाण्यापेक्षा बोलण्यात जास्त चालायचं.

त्या तोंडानंच मला नोकरी मिळाली. तेव्हा गावच्या कारभाराला एक कमिटी होती. तिचं नाव मी लिहीत नाही, कारण पुढं जी चूक सांगणार आहे ती कमिटीची नव्हती, माझी होती. या कमिटीला नाक्यावर उभी करायला बाई हवी होती. नाक्यावरचे कारकून, भाऊसाहेब, विहिरीजवळून चालले होते. माझ्या घागरीच्या आधी घागर लावणाऱ्या एका बाईच्या सात पिढ्या मी तेव्हा मोजत होते. भाऊसाहेब थांबले. चौथ्या पिढीपर्यंत त्यांनी ऐकलं आणि विचारलं, "बाई, तुम्हाला वाचता येतं का?" मी कल्याणहून लग्न होऊन आलेली, चौथी पास. म्हटलं, "येतं की!" झालं. माझी मुलाखत ती एवढीच.

काम काय, ते सांगते. तेव्हा धान्यावर नियंत्रण होतं. परवान्याशिवाय तांदूळ इकडचा तिकडे न्यायचा नाही, उघड्यावर विकायचा नाही. बाजारच्या दिवशी पाड्यापाड्यांवरून बायका डोक्यावर पाट्या घेऊन यायच्या. त्यांत नागली, वरई, उडीद, मोहाची फुलं, एखादी कोंबडी असायची. आणि कुठंतरी तळाशी थोडा तांदूळ दडवलेला असायचा. पुरुषांच्या कावडी भाऊसाहेब तपासायचे. बायकांच्या अंगाला हात कोण लावणार? म्हणून मी. नाक्याच्या बाजूला कारवीच्या काड्यांचा एक ताटवा, म्हणजे कुडासारखा आडोसा, उभा केला होता. त्याच्या आड एकेकीला नेऊन मी पाटी बघायची, कमरेची गाठ चाचपायची आणि सोडायची.

गणवेश नव्हता. मी यांचा जुना खाकी कोट लुगड्यावर चढवायची. बाह्या बोटांच्या खाली दोन इंच. छातीवर पितळी बिल्ला, तो रोज चिंचेनं घासून असा लख्ख करायची की समोरच्या बाईचे डोळे दिपावेत. हातात वेताची काठी. तेव्हा माझं वय बावीस, वजन एका पोत्याहून कमी. लांबून बघणाऱ्याला कोट चालत येतोय असंच वाटत असणार. मला मात्र वाटायचं की सगळा जव्हार-मोखाडा माझ्या काठीच्या टोकावर उभा आहे.

तरी धंदा मी लवकर शिकले, एवढं म्हणेन. पाटी बघायची नाही, मान बघायची. नागली वाहणारी बाई मान हलवत, बोलत चालते. तांदूळ वाहणारी मान धरून चालते, कारण तिच्या डोक्यावर भीती असते. चेहरा बघून चोर ओळखता येतो म्हणतात, त्यात काही तथ्य नाही. सराईत खोटं बोलणारी बाई डोळ्यांत डोळे घालून बोलते. खाली बघते ती घाबरलेली असते. हे दुसरं मात्र मी उशिरा शिकले. कधी, ते येईलच.

माझी सगळ्यांत मोठी शत्रू म्हणजे चंदरी म्हातारी. पोशेऱ्याकडची, कोकणा जमातीची, तोंडात एक दात, आणि तोही मला चिडवण्यासाठी शिल्लक ठेवलेला. ती पाटी उतरवायची आणि एका हाताचा खळगा पुढं करून दाखवायची. "पसाभर आहे गं बाय. नातवाच्या पेजेला." पसाभर म्हणजे एका तळहातात मावेल एवढा तांदूळ. तेवढ्यावर आम्ही कानाडोळा करायचो. म्हातारीच्या नातवाची पेज अडवायला आम्हीही राक्षस नव्हतो.

काही आठवड्यांनी माझ्या लक्षात आलं की चंदरी येताना गरोदर असते आणि जाताना सडपातळ. सत्तरीची बाई, दर बाजाराला गरोदर! लुगड्याच्या ओच्यात गोल गोल पुरचुंड्या बांधून ती पायलीनं तांदूळ आत न्यायची. तिचं बघून बाकीच्याही शिकल्या. जी ती पुढं येऊन हात ओंजळीसारखा करायची आणि म्हणायची, "पसा आहे, बाय." सगळ्या डोंगरात कुणाकडे पशाच्या वर तांदूळच नाही!

ही गोष्ट वरपर्यंत गेली. वैशाखातला बाजार होता. सकाळीच भाऊसाहेबांनी मला बोलावलं.

"तुमच्या ताटव्याआडून गाडीभर तांदूळ गेला म्हणतात, बाई."

"मी काय करू? पसा पसा म्हणतात."

"आज तालुक्याचे साहेब येणार आहेत. आज पसा म्हणणारी एकही आत जाता कामा नये. जिच्या तोंडातून पसा निघेल तिला बाजूला बसवा. आणि झडती होईपर्यंत पाटीला हात लावू देऊ नका, माल इकडचा तिकडे करतात."

ही शेवटची गोष्ट मला फार आवडली. अशी कलमं मला अजून कुणी दिली नव्हती. मी बिल्ला पदरानं पुसला.

आता ज्या पाटीसाठी मी हे लिहायला बसले, तिच्याकडे येते. तिच्यात काय होतं ते आधीच सांगून टाकते. वाचकाला कोड्यात ठेवण्यासारखी ही गोष्ट नाही. तिच्यात एक दोन वर्षांचा आजारी मुलगा होता, आणि त्याला जव्हारच्या दवाखान्यात पोचायचं होतं. दवाखाना माझ्या नाक्यापासून एका हाकेवर होता.

रांगेत त्या दिवशी पंधरा-वीस बायका होत्या. सगळ्यांत पुढं चंदरीची पाटी, आणि चंदरी लांब पलीकडे सावलीत टेकलेली, नेहमीप्रमाणे आठ महिन्यांची. मी तिला बघून खूश झाले होते. आज हिची बाळंतपणं संपवायची, असा विचार चालला होता. तेवढ्यात मागून एक बाई आली. रांगेत न थांबता सरळ माझ्यासमोर. माझ्याच वयाची असेल. पाय गुडघ्यांपर्यंत धुळीनं पांढरे. पाटीवर सागाची हिरवी पानं, त्यावर फडकं. मान एकदम धरलेली, पावलं जपून. मी मनात म्हटलं, तांदूळ.

"रांग दिसत नाही का? पाटीत काय आहे?"

ती खाली बघत म्हणाली, "पोसा आहा, बाय. माझा पोसा."

मी पसा ऐकलं.

आता वाटतं, 'माझा पसा' असं कोण म्हणतं? तांदळाला कुणी इतक्या मायेनं माझा म्हणत नाही. पण तेव्हा मला शब्द ऐकायचा नव्हता. मला तो पकडायचा होता.

"तुझापण पसाच का? बस तिथं!"

"बाय, पोसा... जाऊं दे."

रांगेतल्या दोघी-तिघी एकदम काहीतरी बोलायला लागल्या. त्यांच्या भाषेत, घाईघाईनं. मी काठी दगडावर आपटली. "गप्प! मध्ये कुणी बोलायचं नाही. सगळ्यांचा पसा आज मी बघणार आहे." त्या गप्प झाल्या. बिल्लेवाल्या माणसानं काठी आपटली की गप्प व्हायचं, हे त्यांना माझ्याआधीच्या कित्येक बिल्ल्यांनी शिकवलेलं होतं.

ती बाई पाटी उतरवून खाली बसली. पानांवरचं फडकं सारखं करायला तिनं हात पुढं केला, तसा मी ओरडले, "पाटीला हात नाही लावायचा! माझी झडती झाल्याशिवाय हात लावशील तर बघ." तिनं हात मागं घेतला. मग पाटीपासून हातभर सरकून बसली. तिच्या कमरेला पाण्याचा तुंबा होता, तोही मी बघितला होता. असल्या तुंब्यात मोहाची दारू असते, ती नंतर बघू, असं मी मनात टिपून ठेवलं.

आणि मग मी चंदरीला सावलीतून उठवून ताटव्याआड नेलं.

तिथं किती वेळ गेला? भाऊसाहेब नंतर म्हणाले अर्धा तास. मला विचाराल तर तासाच्या जवळ. माझी त्या दिवशी चंगळ होती. मी एक गाठ सोडायची, चंदरी दुसरी आवळायची.

"झडतीबाय, गुदगुल्या होतात गं."

"होऊ दे. हे काय?"

"हे माझं पोट."

"पोटाला शिवण असते का गं म्हातारे?"

"तुझ्या वयात नसते. म्हातारपणी घालायला लागते, नाहीतर आतलं सांडतं."

मला हसू आलं. खरंच आलं, हे लिहायलाच हवं. बाहेर ते मूल होतं आणि मी आत हसत होते. एकेक पुरचुंडी काढून मी ओळीनं मांडली. सात निघाल्या. सातवी हातात उंच धरून मी बाहेर आले, साहेब आले असतील तर त्यांना दिसावी म्हणून.

साहेब आलेच नव्हते. सावली सरकली होती आणि ती बाई उन्हात होती. पाटीही उन्हात होती. तिनं पाटीला हात लावला नव्हता. स्वतः मात्र सरकून अशी बसली होती की तिची सावली पाटीवर पडावी.

चंदरीनं तिला पाहिलं आणि तिचं हसू थांबलं. ती तिच्याजवळ जाऊन बोलली. त्या बाईनं मान वर न करता दोन शब्द सांगितले. चंदरी माझ्याकडे वळली. त्या म्हातारीला मी कधी रागावलेलं पाहिलं नव्हतं.

"हिला कशाला बसवलीस?"

"पसा आहे म्हणाली."

"पोसा म्हणाली ती! पोसा म्हंजी पोरगा! अगं मुडदे, त्यात पोर आहे तिचं!"

मी पानं काठीनं उचलली. हातानं नाही, काठीनं. सवय होती. खाली एवढंसं पाऊल होतं, तळव्याला मेंदीसारखी लाल माती लागलेली. ते हललं नाही. मूल रडलं असतं तर मला कळलं असतं, असं मी पुढं वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आले. पण रडायला अंगात पाणी लागतं.

पाटी मी उचलली. काठी तिथंच पडली. भाऊसाहेब मागून ओरडत होते, "बाई, नाका! नाका कुणाकडे?" मी कोट सावरत पळाले. पाटी इतकी हलकी होती की मला आणखीच भीती वाटली. माझ्या मागं ती, तिच्या मागं चंदरी.

दवाखान्यात डॉक्टर होते. त्यांनी पोराच्या पोटाची कातडी चिमटीत धरली आणि सोडली. ती तशीच उभी राहिली. हगवण लागून तीन दिवस झाले होते. बाप जंगलात कुपावर लाकूडतोडीला गेलेला. भगतानं पोराला वारा लागू देऊ नकोस म्हणून सांगितलं होतं, म्हणून वर पानं. उजाडताच ती पोशेऱ्याच्या वरच्या पाड्यावरून निघाली होती. वाटेत दर ओढ्यापाशी थांबून तुंब्यातलं पाणी बोटानं त्याच्या तोंडात सोडत आली होती.

माझ्या नाक्यापर्यंत.

तिचं नाव जानी. तेही मला तिथं कळलं, डॉक्टरांनी विचारलं तेव्हा. मी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेबांनी माझ्याकडून जबाब मागितला. मूल अडवलं म्हणून नाही. पहारा सोडून गेले म्हणून. मी चौथीच्या अक्षरात लिहून दिलं, 'पसा समजून पोसा अडवला, तो तासभर उन्हात राहिला.' भाऊसाहेबांनी ते वाचलं, चष्मा काढला, पुन्हा घातला. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "बाई, असं लिहू नका. हे वाचून कुणाचंच भलं होणार नाही. लिहा, प्रकृती अकस्मात बिघडली म्हणून जागा सोडली." मी विचारलं, "कुणाची प्रकृती?" ते म्हणाले, "ते लिहायची गरज नाही." मी तसं लिहिलं. तो कागद अजून कुठल्या तरी दप्तरात असेल. त्यात एकही शब्द खोटा नाही.

रोज पहारा संपला की मी दवाखान्यात जायची. आत जायचा धीर व्हायचा नाही. व्हरांड्यात चंदरी बसलेली असायची. ती बाजार सोडून जानीजवळ राहिली होती. तिचा तांदूळ नाक्यावर जप्त होऊन पडला होता, त्याचं तिनं नाव काढलं नाही. एकदा मी पेज घेऊन गेले. चंदरीनं भांड्यात बघितलं आणि म्हणाली, "पसाभरच आणलीस?" मला वाटलं ती चिडवतेय. ती चिडवत नव्हती, दोघी उपाशी होत्या.

माझी नात हे ऐकते तेव्हा विचारते, "मग तू नोकरी सोडली का नाहीस?" पाच तोंडं होती, म्हणून नाही सोडली. मी पुढं नियंत्रण उठेपर्यंत तिथंच उभी होते, आणि ते उठल्यावर कमिटीनं मला दुसऱ्या फाटकावर उभं केलं. पण काठी मी पुन्हा घेतली नाही. चंदरीकडून दर बाजाराला एकेक शब्द शिकले. शिकवताना ती मला अशा शिव्या द्यायची की त्याही शिकून झाल्या. रांगेत दोघी बोलल्या की मी थांबायची, समजेपर्यंत थांबायची. भाऊसाहेब म्हणायचे, तुमची रांग फार हळू चालते. तांदूळ पुढं आत गेला का? आता माझी पेन्शनसुद्धा कुणी काढून घेऊ शकत नाही, तरी सांगणार नाही.

बघा, मी इकडचं तिकडचं सांगत बसले आहे. चौथ्या दिवसाचं राहिलं.

पोर तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गेलं. डॉक्टर मला व्हरांड्यात म्हणाले, "तुमच्या त्या तासानं काही फरक पडला नसता, बाई. उशीर आधीच झाला होता." हे ते खरं बोलले, का माझ्या बिल्ल्याखालच्या पोरीकडे बघून बोलले, ते मला कळलं नाही. एकदा विचारायला गेले होते. दारातून परत आले. पुढं त्यांची बदली झाली.

चौथ्या दिवशी सकाळी मी नाक्यावर होते. बाजार नव्हता, रस्ता रिकामा. गावातून बाहेर जाणाऱ्याची झडती आम्ही कधीच घेत नव्हतो. जानी आली. डोक्यावर तीच पाटी, वर ताजी सागाची पानं. मागं चंदरी. मूल आपल्या पाड्यावर न्यायचं, तिथल्या मातीत ठेवायचं, अशी त्यांची रीत. मी बाजूला झाले, रस्ता मोकळा दिसावा म्हणून.

जानी थांबली. पाटी माझ्यासमोर उतरवली आणि हातभर सरकून बसली. हात मांडीवर ठेवले. पाटीला लावले नाहीत.

मला आधी कळलंच नाही. मी चंदरीकडे बघितलं. चंदरी दुसरीकडे बघत होती.

मी म्हटलं, "जानी, नको गं. जा तू."

तिला वाटलं मी रागावले. ती आणखी थोडी मागं सरकली.

तेव्हा मी खाली बसले. कोटाच्या बाह्या वर केल्या आणि दोन्ही हातांनी पानं बाजूला केली. फडकं नीट गुंडाळलेलं होतं. मी ते उघडलं, पाहिलं, पुन्हा तसंच गुंडाळलं. पानं जशी होती तशी रचली. एक पान घसरलं, ते परत लावलं. हात फार हळू चालत होते.

जानी माझ्या हातांकडे बघत होती. ते थांबल्यावर तिनं मान वर करून, पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे बघून, विचारलं, "जाऊं?"

मी म्हटलं, "जा."